ड्रिंक ड्रायव्हिंगची जुनी शिक्षा आणि कॅनडाचा अर्ज

“कोणत्याही देशात तुम्ही कधी गुन्हा केला आहे का, तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर आरोप ठेवला गेला आहे का किंवा तुम्ही दोषी ठरला आहात का?” कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाच्या अर्जातील हा प्रश्न मी २०१७ च्या मे महिन्यात पहिल्यांदा वाचला आणि त्यातल्या ‘कधी’ या शब्दाशी अडलो. तेव्हा मी इंग्लंडमध्ये नोकरी करत होतो, पासपोर्ट भारतीय होता आणि टोरांटोतील एका ग्राहकाकडे दोन आठवड्यांच्या कामासाठी कंपनी मला पाठवणार होती. अर्जाचे बाकीचे सगळे रकाने अर्ध्या तासात भरून झाले होते. या एका प्रश्नासमोर मात्र ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन छोटे गोल होते आणि त्यांतील कोणता निवडायचा हे ठरवायला मला तीन दिवस लागले.

मागची हकिकत थोडक्यात अशी. २०१४ च्या नोव्हेंबरात एका रात्री पावणेबाराच्या सुमारास मी दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो. घर जेमतेम दोन मैलांवर होते. अपघात झाला नाही, कोणाला इजा झाली नाही, पण या दोन्ही गोष्टींत माझे कर्तृत्व काहीच नव्हते. पोलिस ठाण्यातील यंत्रात दोनदा फुंकावे लागते आणि त्यातील कमी आकडा धरला जातो. माझा कमी आकडा ५६ होता, म्हणजे १०० मिलिलिटर श्वासात ५६ मायक्रोग्रॅम अल्कोहोल. इंग्लंडमधील मर्यादा ३५ आहे. ९ डिसेंबरला मॅजिस्ट्रेट कोर्टात मी गुन्हा कबूल केला. दंड झाला, सोळा महिने गाडी चालवण्यास बंदी झाली आणि पुनर्वसन वर्ग पूर्ण केल्यास बंदीतील चार महिने कमी होतील असे सांगण्यात आले. लायसन्सवर डीआर१० हा शेरा आला, जो अकरा वर्षे राहतो.

त्या वर्गाविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण पुढे अर्जात त्याचा उपयोग झाला आणि कारण त्यातला एक प्रसंग मी विसरलेलो नाही. एकूण सोळा तासांचा वर्ग होता. पहिल्याच दिवशी शिक्षिकेने टेबलावर रंगीत पाण्याच्या बाटल्या आणि वेगवेगळ्या आकारांचे पेले ठेवले आणि प्रत्येकाला ‘एक युनिट’ व्हिस्की ओतायला सांगितली. एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीचे पंचवीस मिलिलिटर. मी नेहमीच्या सवयीने ओतले. तिने ते मोजपात्रात ओतून पातळी मला वाचायला लावली, ती सत्तरच्या जरा वर होती. ‘दोनच पेग घेतले होते’ हे वाक्य मी पोलिसांना, वकिलाला आणि स्वतःला इतक्या वेळा सांगितले होते की त्या पातळीकडे मी बराच वेळ नुसता बघत राहिलो.

त्यानंतर हे प्रकरण संपले अशी माझी समजूत होती. ती पहिल्यांदा डळमळली ती ब्रिटनमधील कायम वास्तव्याच्या अर्जाच्या वेळी. २०१६ मध्ये माझी पाच वर्षे पूर्ण होत होती, पण त्या वेळच्या नियमानुसार निर्णयाच्या आधीच्या चोवीस महिन्यांत तुरुंगवासाव्यतिरिक्त कोणतीही शिक्षा झालेली असेल तर अर्ज फेटाळला जात असे. तेव्हा मी असलेला व्हिसा वाढवून घेतला, डिसेंबर २०१६ उलटेपर्यंत थांबलो आणि मग अर्ज केला. काम झाले. त्यामुळे कॅनडाचा फॉर्म समोर आला तेव्हा मला वाटत होते की ज्या देशात गुन्हा घडला त्यानेच मला कायमचे राहू दिले आहे, तर दोन आठवड्यांसाठी बोलावणाऱ्या देशाला काय अडचण असणार?

कार्यालयातील एका सहकाऱ्याने तर विषय हसण्यावारी नेला. “ती ट्रॅफिकची केस आहे, सरळ ‘नाही’ कर. मी अमेरिकेला चार वेळा जाऊन आलो,” असे तो म्हणाला. त्याच्या नावावरही असाच शेरा होता. त्याचा सल्ला मनापासूनचा होता आणि त्याच्यापुरता तो बरोबरही होता. हे मला पुढे कळले. त्याचा पासपोर्ट ब्रिटिश होता, त्यामुळे अमेरिकेसाठी त्याला व्हिसा लागत नसे, फक्त ईस्टा हा ऑनलाइन परवाना लागे. त्या अर्जातील प्रश्न मालमत्तेचे गंभीर नुकसान किंवा एखाद्या व्यक्तीला गंभीर इजा झालेल्या गुन्ह्याबद्दल विचारतो. कोणालाही इजा न झालेल्या एका शिक्षेपुरते त्याचे ‘नाही’ हे खरे उत्तर होते. माझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेसाठी डीएस-१६० हा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कोणत्याही गुन्ह्यासाठी, माफी मिळालेली असली तरी, कधीही झालेल्या अटकेबद्दल विचारलेले असते. एकच घटना, एकच देश, पण पासपोर्टाच्या रंगानुसार प्रश्न वेगळा आणि म्हणून खरे उत्तरही वेगळे. दुसऱ्याच्या अनुभवावरून फॉर्म भरणारे लोक इथेच फसतात असे माझे मत झाले आहे.

मी ‘होय’ निवडले. त्यात फार मोठा प्रामाणिकपणा होता असे मी म्हणणार नाही. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी आहे हे मी वाचले होते, आणि गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीची शिक्षा अधिक लांबते एवढा हिशेब मला करता येत होता.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी कॅनडाचा दृष्टिकोन समजावून द्यायला हवा, कारण मला तो समजायला वेळ लागला. तुम्हाला तुमच्याकडे किती शिक्षा झाली, हे तो देश आधी पाहत नाही. तेच कृत्य कॅनडात घडले असते तर तिथल्या कायद्यानुसार तो कोणता गुन्हा ठरला असता आणि त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकली असती, हे पाहिले जाते. दारू पिऊन गाडी चालवणे हा तिथे फौजदारी संहितेतील गुन्हा आहे आणि तो सरकारी पक्षाला गंभीर स्वरूपाच्या पद्धतीने चालवता येतो; प्रत्यक्षात सौम्य पद्धतीने चालवला गेला असता तरी परदेशी माणसाच्या प्रवेशासाठी गंभीर पद्धतच धरतात. माझ्या गुन्ह्याच्या वेळी कमाल शिक्षा पाच वर्षांची होती. इंग्लंडमध्ये ज्या गोष्टीसाठी मला एक दिवसही तुरुंगात जावे लागले नव्हते, त्या गोष्टीमुळे कॅनडाच्या दारात मी ‘गुन्हेगारीच्या कारणावरून प्रवेशास अपात्र’ ठरत होतो.

अपात्र माणसाला तीन वाटा असतात. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाली नसतील तर तात्पुरता निवासी परवाना मागता येतो, पण त्यासाठी जाणे खरोखर गरजेचे आहे हे पटवावे लागते. पाच वर्षे झाली असतील तर ‘क्रिमिनल रिहॅबिलिटेशन’साठी, म्हणजे आपले पुनर्वसन झाले आहे अशा मान्यतेसाठी, अर्ज करता येतो, तो मंजूर झाला की, नवा गुन्हा न केल्यास, अपात्रता कायमची जाते. आणि फार गंभीर नसलेला एकच गुन्हा असेल व दहा वर्षे उलटली असतील तर माणूस आपोआप पुनर्वसित मानला जाऊ शकतो. २०१७ मध्ये माझ्यासाठी पहिलीच वाट उघडी होती. कंपनीने पत्र द्यायला हवे होते की मीच जाणे का आवश्यक आहे. मनुष्यबळ विभागातील बाईंनी दोन दिवसांनी मला बोलावले, सौजन्याने चहा विचारला आणि माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवायचे ठरले आहे असे सांगितले. त्यांनी कारण विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. सहा महिने मी ज्या कामाची तयारी केली होती ते काम माझ्या हाताखालचा मुलगा करून आला.

दुसऱ्या वर्षी अमेरिकेतील एका परिषदेसाठी मी स्वतःहून प्रयत्न केला. लंडनमधील दूतावासात मुलाखतीला जाताना अ‍ॅक्रोचे पोलिस प्रमाणपत्र बरोबर होते. अ‍ॅक्रो हे ब्रिटनमधील गुन्हेनोंदी तपासून प्रमाणपत्र देणारे कार्यालय आहे. नोंद नसेल तर ‘नो ट्रेस’ असे छापून येते, जुनी नोंद मागे टाकलेली असेल तर ‘नो लाइव्ह ट्रेस’ असे येते, आणि ज्याला त्यातला फरक माहीत आहे त्याला दुसऱ्या शब्दप्रयोगातूनही सर्व काही कळते. माझ्या प्रमाणपत्रावर तारीख, कोर्ट आणि कलम यांसह गुन्हा स्पष्ट छापलेला होता. खिडकीमागील अधिकाऱ्याने तो वाचला, दोन प्रश्न विचारले आणि मला दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे पाठवले. अमेरिकेच्या दृष्टीने साधे ड्रिंक ड्रायव्हिंग हे नैतिक अधःपतनाचा, म्हणजे व्हिसा नाकारण्यास कारण ठरणारा, गुन्हा धरले जात नाही. पण गेल्या पाच वर्षांत मद्याशी संबंधित एक अटक किंवा दहा वर्षांत दोन अटका असतील तर तो प्रश्न वैद्यकीय होतो. डॉक्टरांनी मी आठवड्याला किती पितो, सकाळी उठल्यावर प्यावेसे वाटते का, कधी काही आठवेनासे झाले आहे का, असे विचारले आणि रक्त घेतले. तीन आठवड्यांनी व्हिसा मिळाला. कॅनडाला मी गुन्हेगार वाटलो होतो आणि अमेरिकेला कदाचित रुग्ण. या दोहोंत कमी अपमानास्पद काय, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी एक धक्का बसला. सी-४६ या विधेयकाने केलेले बदल १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडात लागू झाले आणि दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा पाचवरून दहा वर्षांवर गेली. दहा वर्षे हा आकडा तिथल्या इमिग्रेशन कायद्यात फार महत्त्वाचा आहे: तिथून पुढचा गुन्हा ‘गंभीर गुन्हेगारी’त जातो आणि दहा वर्षे थांबून आपोआप पुनर्वसित होण्याची सवलत त्याला मिळत नाही. त्या तारखेनंतर असा गुन्हा केलेल्या माणसाला कितीही वर्षे गेली तरी अर्जच करावा लागतो. माझा गुन्हा आधीचा होता. हा बदल मला लागू होतो की नाही यावर मी त्या हिवाळ्यात अनेक रात्री घालवल्या.

२०१९ मध्ये माझे लग्न झाले. पत्नीचा भाऊ कुटुंबासह कॅनडात स्थायिक आहे आणि तिच्या कामालाही तिथे अधिक वाव होता, त्यामुळे स्थलांतराचा विचार आमच्या घरात शिरला. लग्नाआधीच मी तिला सर्व सांगितले होते, पण ‘सांगणे’ आणि ‘त्याचे परिणाम दोघांनी मिळून भोगणे’ यांत अंतर आहे. मुख्य अर्जदार अपात्र असेल तर पती-पत्नी दोघांचाही अर्ज अडतो हे वाचल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “अरे, मग आधी तुझे तेवढे सोडवून घेऊ. बाकीचे नंतर.” आम्ही इतर देशही पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या चारित्र्यचाचणीत महत्त्वाची रेषा बारा महिन्यांच्या तुरुंगवासाची आहे, त्यामुळे माझ्यासारख्या दंडाच्या शिक्षेला तिथे गुन्हा जाहीर करण्यापलीकडे फारसा त्रास नव्हता. न्यूझीलंडमध्ये निवासी अर्जासाठी गेल्या पाच वर्षांतील ड्रिंक ड्रायव्हिंगची शिक्षा आडवी येते, तिथे माझी मुदत संपत आली होती. म्हणजे सगळ्यांत अवघड दार कॅनडाचेच होते आणि आम्हाला जायचे तिथेच होते.

आम्ही एका परवानाधारक इमिग्रेशन वकीलबाईंची मदत घेतली. त्यांच्याशी प्रत्यक्ष भेट एकदाही झाली नाही. साथीचे दिवस होते, सर्व काही व्हिडिओवर. पहिल्याच बोलण्यात त्यांनी दोन गोष्टी उलगडल्या. एक, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ट्रॅन खटल्यात सांगितले होते की कमाल शिक्षा पाहताना गुन्हा घडला त्या वेळची शिक्षा पाहायची, नंतर वाढलेली नाही. त्यामुळे माझा गुन्हा जुन्या पाच वर्षांच्या वर्गात मांडता येणार होता. त्या वेळी पुनर्वसनाच्या अर्जाचे साध्या वर्गाचे शुल्क २०० कॅनेडियन डॉलर होते आणि गंभीर वर्गाचे १,००० डॉलर, पण पैशांपेक्षा वर्गाचे नाव महत्त्वाचे होते. दुसरी गोष्ट मोजणीची. अर्जाआधी थांबायची पाच वर्षे गुन्ह्याच्या किंवा निकालाच्या तारखेपासून मोजत नाहीत. शिक्षेचा शेवटचा भाग संपल्यापासून मोजतात आणि गाडी चालवण्यावरची बंदी हाही शिक्षेचा भाग असतो. माझी बंदी मुळात एप्रिल २०१६ पर्यंत होती आणि सोळा तासांच्या त्या वर्गामुळे डिसेंबर २०१५ मध्ये संपली होती. “तुमच्या बाजूने डिसेंबर धरता येईल,” त्या म्हणाल्या, “पण फाइल उघडणाऱ्या अधिकाऱ्याने एप्रिल धरला तर अर्ज मुदतीआधीचा म्हणून परत येईल. चार महिने थांबा.” आम्ही थांबलो.

त्या चार महिन्यांत कागद जमवायचे होते आणि खरी दमछाक तिथेच झाली. मला शिक्षा सुनावणारे कोर्ट बंद झाले होते. इंग्लंडमध्ये त्या दशकात अनेक मॅजिस्ट्रेट कोर्टे बंद झाली आणि त्यांच्या नोंदी दुसरीकडे गेल्या. निकालाचा प्रमाणित उतारा कुठून मिळेल हे शोधण्यात पाच आठवडे गेले. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवले आणि तिसऱ्याने पहिल्याचाच ईमेल पत्ता दिला. शेवटी उतारा आला तेव्हा त्यात माझ्या आडनावातील एक अक्षर चुकलेले होते. दुरुस्तीसाठी आणखी तीन आठवडे. दंड भरल्याची पावती मी कधीच हरवली होती. तो जानेवारी २०१५ मध्ये भरल्याचे बँकेच्या जुन्या स्टेटमेंटात सापडले. वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मात्र घडी घातलेले, एका कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेले, जुन्या गाडीच्या कागदांत मिळाले. त्या कागदाला मी पूर्वी काडीचीही किंमत दिली नव्हती.

त्याखेरीज ज्या कायद्याखाली शिक्षा झाली त्या कलमाचा मूळ मजकूर द्यायचा होता, म्हणजे १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचे पाचवे कलम. तो कॅनडाच्या कलमाशी ताडून पाहिला जातो. इंग्लंडमधील श्वासातील ३५ ही मर्यादा रक्तातील ८० मिलिग्रॅमशी समतुल्य आहे आणि कॅनडाच्या फौजदारी कायद्यातही ८० चाच आकडा आहे, त्यामुळे माझ्या बाबतीत वादाला जागाच नव्हती. पण सर्वांचे तसे नसते. स्कॉटलंडने ५ डिसेंबर २०१४ रोजी, म्हणजे माझ्या निकालाच्या चारच दिवस आधी, आपली मर्यादा ५० मिलिग्रॅमवर आणली. भारतात ती ३० आहे. या मर्यादा ओलांडूनही ८० च्या आत राहिलेल्या माणसाला, निव्वळ आकड्यापुरते पाहिले तर, ‘कॅनडात हा गुन्हाच ठरला नसता’ असे म्हणता येऊ शकते. म्हणून चाचणीचा आकडा दाखवणारा कागद, मग तो कितीही लाजिरवाणा असो, कधीही फेकू नये असे मी ज्याला त्याला सांगतो. वकीलबाईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न नाव-गाव नव्हता, “आकडा किती होता?” हा होता.

अठराव्या वर्षानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ राहिलो त्या प्रत्येक देशाचे पोलिस प्रमाणपत्र लागत होते. भारताचे आणि ब्रिटनचे अशी दोन आली, त्यात विशेष काही घडले नाही.

विशेष घडले ते शिफारसपत्रांच्या वेळी. पत्र लिहिणाऱ्याला माझा गुन्हा माहीत आहे असे पत्रातच लिहिलेले असावे, नाहीतर त्या स्तुतीला किंमत नाही, असे वकीलबाईंनी बजावले होते. म्हणजे आजवर ज्यांच्यापासून लपवले त्यांना सांगणे आले. माझ्या वरिष्ठांना सांगणे तुलनेने सोपे गेले. अवघड होते ते एका वयस्कर परिचितांना सांगणे. इंग्लंडमध्ये आल्यापासून ते मला घरच्यासारखे वागवत आले होते आणि मी त्यांना काका म्हणत असे. ज्या वर्षी गाडी चालवायला बंदी होती त्या वर्षी ते दर रविवारी मला न्यायला येत आणि मी त्यांना गाडी विकून टाकल्याचे सांगितले होते. मी सर्व सांगितले. ते थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. “म्हणजे वर्षभर मी तुझा ड्रायव्हर होतो तर,” ते म्हणाले, आणि मग, “सांगायचेस रे. आलोच असतो.” त्यांचे पत्र पाचच ओळींचे होते. त्यात त्यांनी लिहिले होते की हा गृहस्थ माझ्याशी एकदा खोटे बोलला आणि नंतर स्वतः येऊन खरे बोलला. वकीलबाईंनी ते पत्र फाइलमध्ये सर्वांत वर लावले.

उरले माझे स्वतःचे निवेदन. गुन्हा कसा घडला आणि आता तो पुन्हा का घडणार नाही, हे अर्जदाराने स्वतः लिहायचे असते. मी पहिला मसुदा एका बैठकीत लिहिला आणि तो मला बरा वाटला. दुसऱ्या दिवशी तो तांबड्या रेघांनी भरून परत आला. घटनेच्या परिच्छेदात अकरा वाक्ये होती; त्यांतील सातांत दोष दुसऱ्या कशाचा तरी होता. टॅक्सी मिळत नव्हती, रात्र थंडीची होती, मित्राने पुन्हा ओतले, जेवण उशिरा आले, रस्ता रिकामा होता, घर जवळ होते, मर्यादेची मला नेमकी कल्पना नव्हती. समासात त्यांनी एवढेच लिहिले होते: “यांपैकी कोणालाही कॅनडात यायचे नाही.” मी चार वेळा पुन्हा लिहिले. शेवटच्या मसुद्यात रंगीत पाण्याचा तो पेला आला, २०१५ नंतर मी पिऊन गाडीला हात लावलेला नाही हे आले, आणि मी पिणे पूर्ण सोडलेले नाही हेही आले, कारण ते खरे होते. वकीलबाईंना ते वाक्य ठेवावे की नाही याची शंका होती. मी ठेवले.

मे २०२१ मध्ये व्हिजिटर व्हिसाच्या अर्जासह फाइल गेली. त्यानंतर पंधरा महिने काही घडले नाही, म्हणजे कागदोपत्री काही घडले नाही. खात्यात लॉगिन करून ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे तीन शब्द वाचायचे आणि बाहेर पडायचे, असा आमचा दर शुक्रवारचा क्रम झाला. मधे एकदा ताजे पोलिस प्रमाणपत्र मागवले गेले, कारण आधीचे जुने झाले होते. ते जुने झाले होते कारण फाइल त्यांच्याकडेच पडून होती. पण तक्रार करण्याच्या स्थितीत मी नव्हतो. एक्सप्रेस एंट्री या कायम निवासाच्या योजनेतील, माझ्यासारख्या देशाबाहेरील कुशल कामगारांसाठीच्या सोडतीही (म्हणजे गुणांनुसार उमेदवारांना बोलावण्याच्या फेऱ्या) डिसेंबर २०२० पासून थांबलेल्या होत्या, त्यामुळे घाई करूनही पुढे सरकता आले नसते, हे आमचे त्या काळातील समाधान.

सोडती जुलै २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि ऑगस्टमध्ये माझे मंजुरीपत्र आले. एका पानाचे पत्र, मधोमध दोन परिच्छेद. माझे पुनर्वसन झाले आहे असे त्यात कुठेही भावपूर्ण शब्दांत लिहिलेले नव्हते. अमुक दिनांकाच्या अमुक गुन्ह्यामुळे असलेली अपात्रता दूर करण्यात येत आहे, एवढेच. पत्नीने ते दोनदा वाचले आणि त्याच्या सहा प्रती काढल्या.

कॅनडाच्या कायम निवासाच्या अर्जात तोच प्रश्न पुन्हा होता, त्याच ‘कधी’ सकट. पुनर्वसन मंजूर झाले म्हणून उत्तर ‘नाही’ होत नाही, याचा अनेकांना विसर पडतो. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यानुसार माझी शिक्षा २०१९ च्या डिसेंबरात ‘स्पेंट’ झाली होती, म्हणजे तिथल्या बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगण्याची गरज उरली नव्हती; पण तो कायदा दुसऱ्या देशाच्या फॉर्मला बांधून ठेवत नाही. मी ‘होय’ केले, तपशील लिहिला आणि मंजुरीपत्राची प्रत जोडली. या वेळी कोणी काही विचारले नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही विमानतळावर उतरलो. इमिग्रेशनच्या काउंटरवरील तरुण अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतले, पडद्यावर काहीतरी वाचले आणि वाचताना तो किंचित थांबला. मी हातातली पिशवी उघडून मंजुरीपत्राची तिसरी प्रत बाहेर काढू लागलो. “त्याची गरज नाही, ते इथे दिसते आहे,” तो म्हणाला आणि मागून आणखी सामान येणार आहे का, असे त्याने विचारले.

काही दिवसांनी ब्रिटिश लायसन्स बदलून इथले घ्यायला गेलो. त्यासोबत ब्रिटनमधून मागवलेला वाहनचालक म्हणून असलेल्या नोंदींचा उतारा द्यावा लागला आणि त्यावर डीआर१० तसाच होता, अजून दोन वर्षांचा धनी. काउंटरवरच्या बाईंनी ती ओळ पेन्सिलने वाचली, २०१४ या आकड्याखाली बारीक रेघ ओढली आणि मला फोटोसाठी पांढऱ्या पडद्यासमोर उभे राहायला सांगितले. विमा कंपनीच्या फॉर्मवर त्याच संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न आला, पण त्यात ‘गेल्या सहा वर्षांत’ असे शब्द होते. मी तो दोनदा वाचला, पत्नीलाही वाचायला दिला, आणि ‘नाही’ या गोलावर खूण केली.